इंजिन खोलावं, दार उघडावं

‘दार खोल’ असं एखादं पोर म्हणालं की पुण्यात लगेच दोन पक्ष उभे राहतात. पहिल्या पक्षाचं उत्तर पाठ असतं: ‘खोल असते ती विहीर, दार उघडतात.’ दुसरा पक्ष खांदे उडवतो आणि भाषा ही वाहती नदी असते वगैरे सांगून मोकळा होतो. मग पहिला दुसऱ्याला बेफिकीर म्हणतो, दुसरा पहिल्याला सोवळा म्हणतो, आणि मूळ क्रियापद बाजूलाच राहतं. खोलणे या शब्दाचा अर्थ काय, तो मराठीत नेमकं कोणतं काम करतो, कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नुसता घुसखोरी करतो, याची चौकशी दोघांपैकी कुणीच करत नाही. माझं म्हणणं असं की दार, खिडकी, खातं, दुकान, डोळे यांच्या बाबतीत खोलणे मराठीला नको आहे. पण इंजिन, पंप, मिक्सर, शिलाई मशीन यांच्या बाबतीत ते चांगलं, कमावलेलं मराठी क्रियापद आहे. ते काढून टाकलं तर त्या जागी बसवायला आपल्याकडे दुसरं नाही.

वाद आत्ताच का तापला आहे हे उघड आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या आनंदाला सहा महिने होतात न होतात तोच, एप्रिल २०२५मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला. जूनमध्ये तो बदलला आणि जूनच्या अखेरीस मागे घ्यावा लागला. अशा हवेत हिंदी वळणाचं क्रियापद कानावर पडलं की माणसं बिथरतात, आणि त्यांना वेड्यात काढणं मला पटत नाही. ज्या भाषेला आपलं घर सांभाळायची धास्ती वाटते, तिने दारावरच्या क्रियापदाकडे संशयाने पाहिलं तर त्यात नवल काय?

शिवाय पहिल्या पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांच्या विहिरीच्या कोटीत नाही, तो दुकानात आहे. ‘चौकात नवीन दुकान खोललंय’ हे वाक्य घ्या. मराठीत रोज सकाळी दुकान उघडतात. पण नव्याने सुरू करायचं तर ते काढतात, टाकतात, थाटतात किंवा मांडतात. ‘त्याने हॉटेल टाकलं’ म्हणताना थोडी जोखीम ऐकू येते, ‘थाटलं’मध्ये झगमगाट असतो, ‘मांडलं’मध्ये फुटपाथ असतो, आणि शाळा नेहमी काढलीच जाते, कधी टाकली जात नाही. खातं उघडतात किंवा काढतात. हे सगळे बारीक भेद ‘खोललं’ एका घासात गिळून टाकतं. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तर ‘पोलखोल’ इतकी चालवली की बिंग फुटणं आणि पितळ उघडं पडणं या दोन खणखणीत मराठी गोष्टी निवृत्त व्हायची वेळ आली. त्यात पितळ उघडं पडतं तेव्हा वर कल्हई होती हेही कळतं, म्हणजे लबाडी कोणत्या जातीची होती तेही कळतं. पोल म्हणजे काय, हे मराठी वाचकांपैकी किती जण सांगतील? इथवर मी पहिल्या पक्षाच्या बाजूला आहे, आणि मनापासून आहे.

पण मग हाच पक्ष गॅरेजमध्ये जातो आणि तिथेही लाल पेन काढतो. तिथे त्याचं चुकतं.

‘इंजिन खोललं’ या वाक्यातलं क्रियापद बदलून पाहा. ‘इंजिन उघडलं’ म्हटलं तर फार तर झाकण निघालं. ‘इंजिन सोडवलं’ म्हटलं तर ते कुणाच्या तरी ताब्यात होतं, पोलिसांच्या किंवा सावकाराच्या, आणि तिथून परत आणलं. ‘इंजिन सुटं केलं’ म्हटलं तर डब्यांपासून वेगळं झालेलं रेल्वेचं इंजिन डोळ्यांपुढे येतं. ‘मोडलं’ म्हणजे कामातून गेलं, ‘उचकटलं’ म्हणजे जबरदस्ती झाली, ‘विस्कटलं’ म्हणजे करणाऱ्याला पुन्हा जोडता येणार नाही. ‘सुटे भाग वेगळे केले’ हे अर्थाने जवळ जातं, पण ते क्रियापद नव्हे, निबंध झाला. खोलणे म्हणजे एखादी जोडलेली वस्तू तिच्याच सांध्यांवर, काही न तोडता, ठरावीक क्रमाने, पुन्हा जोडायच्या इराद्याने वेगळी करणं. एवढा सगळा अर्थ तीन अक्षरांत आहे. आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटचा आहे, पुन्हा जोडायचा इरादा. ‘मेकॅनिकने गाडी खोलून ठेवली आणि गावाला गेला’ या वाक्यातला संताप कुठून येतो? खोलण्यात दिलेलं वचन त्याने पाळलं नाही, यातून. ‘मोडून ठेवली’ म्हटलं असतं तर ती वेगळी तक्रार झाली असती.

उघडणे आणि खोलणे हे एकाच वस्तूला लावून पाहिलं की फरक आणखी स्वच्छ होतो. लॅपटॉप उघडला म्हणजे कामाला बसलो. लॅपटॉप खोलला म्हणजे काम बुडालं. पेटी उघडली की भजन सुरू होतं, पेटी खोलली की सूर लावणाऱ्या कारागिरासमोर पट्ट्या आणि भाते वेगळे पडलेले असतात आणि भजन पुढच्या गुरुवारवर जातं. दोन क्रियापदं, एकच कर्म, आणि दोन पूर्ण वेगळ्या घटना. जी भाषा असा भेद करू शकते तिने तो केवळ जन्मदाखला बघून टाकून द्यावा का?

नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं आणि त्यांच्या आजूबाजूला दुरुस्तीवाले आहेत. तिथे जुनी टू-स्ट्रोक स्कूटर दुरुस्तीला आली की काय बोललं जातं ते नीट ऐकण्यासारखं आहे. ‘काका, वरून काही सांगता येत नाही, खोलावं लागेल.’ मग पोरगा पाना घेऊन बसतो. आधी इंजिन गाडीवरून उतरवतो. लक्षात घ्या, उतरवतो. अजून खोललेलं नाही. नट आधी ढिले करतो, मग काढतो. हेड निघतं, बॅरल निघतो, पिस्टन हातात येतो. पिस्टनच्या रिंगा बोटांनी जपून फाकवून काढतो, कारण त्या ठिसूळ असतात, पटकन तुटतात. हेडवर साचलेला काळा कार्बन खरवडतो. जुनं पॅकिंग फाटतंच, ते फेकून देतो. सगळे नट-बोल्ट रॉकेलच्या थाळीत पडतात. आणि हे सगळं उलट्या क्रमाने परत बसवायचं असतं, त्याला शब्द आहे बांधणे. ‘इंजिन खोललं, रिंगा बदलल्या, बांधून दिलं.’ उतरवणे, ढिलं करणे, काढणे, फाकवणे, खरवडणे, खोलणे, बसवणे, बांधणे: एका स्कूटरवर आठ क्रियापदं, आणि एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ज्या शहरात हे रोज बोललं जातं तिथे मराठीचा शब्दसंग्रह आटत चाललाय असं म्हणणाऱ्यांनी निदान एक दुपार पेठेत घालवावी.

मराठीची जुनी सवयच अशी आहे की वस्तू वेगळी करायची असेल तर क्रियापद वस्तूच्या जातीवरून ठरतं. शिवण उसवतात, गाठ सोडतात किंवा उकलतात, पापुद्रा उकलतात, कौलं उतरवतात, भिंत पाडतात, नारळ फोडतात, मटार सोलतात, संधी सोडवतात, समासाचा विग्रह करतात. नुसत्या मोडणे या क्रियापदाचा पसारा बघा. नव्या साडीची घडी मोडतात, पाचशेची नोट मोडतात, मुदतीची ठेव मोडतात, अडीअडचणीला पाटल्या मोडतात, ठरलेलं लग्न मोडतं. यातली प्रत्येक गोष्ट एकदा मोडली की पूर्वीसारखी होत नाही, तोच तर त्या क्रियापदाचा स्वभाव. आता प्रश्न असा की नट-बोल्टने जोडलेल्या वस्तूला कोणतं क्रियापद द्यायचं? ही यंत्रं आपल्याकडे विलायतेहून आली. आपल्या जुन्या क्रियापदांना दोरा ठाऊक होता, लाकडाचा सांधा ठाऊक होता, चुना-विटा ठाऊक होत्या. आटे पाडलेला बोल्ट ठाऊक नव्हता. जागा रिकामी होती. खडकीच्या आणि पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांतून, पेठांमधल्या गॅरेजांतून यंत्र हाताळणाऱ्या माणसांनी ती खोलणे या शब्दाने भरली. ती भरताना त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही हे खरं, पण कुणाची जागाही घेतली नाही.

‘पण शब्द हिंदी आहे ना?’ आहे. हिंदीत खोलना म्हणजे उघडणं, सोडणं आणि यंत्र सुटं करणं, सगळंच. त्यातला एकच अर्थ मराठीने उचलला, तोही आपल्याकडे जो नव्हता तो. उसनवारीचा याहून शहाणा नमुना मला माहीत नाही. आणि जन्मदाखल्याचाच निकष लावायचा असेल तर तो शेवटपर्यंत लावावा. कुलूप अरबीतून आलं, चावी पोर्तुगीजांकडून, दरवाजा फारसीतून. म्हणजे ‘दरवाजाच्या कुलपाला चावी लावून उघड’ असं शुद्धीचा आग्रह धरणारा माणूस सांगतो तेव्हा त्यातला मराठी माणूस एकटा उघडणारा. शनिवारवाड्याचं महाद्वार आजही दिल्ली दरवाजाच आहे, त्याला दिल्ली द्वार म्हणावं अशी मागणी अजून कुणी केलेली नाही (सुचवल्याबद्दल क्षमस्व). आणखी गंमत म्हणजे खोलणेच्या कुटुंबातलं खुलणे आपल्याला मुळीच खटकत नाही. कळी खुलते, रंग खुलतो, मैफल खुलते, कमी बोलणारा माणूस हळूहळू खुलतो. कवितेत चालणारा शब्द त्याच्या हाताला ग्रीस लागल्यावर परका कसा होतो? मात्र याच ओघात खुलासा हा शब्दही खुलणेचा भाऊ समजणाऱ्यांनी सावध राहावं. तो अरबी, त्याचं घराणं वेगळं. नुसत्या आवाजावरून नाती जुळवणं हा या वादातला दोन्ही बाजूंचा आवडता छंद आहे.

शुद्धीच्या मोहिमा आपल्याकडे नव्या नाहीत, आणि त्यांचा इतिहास या प्रश्नावर बरंच काही सांगतो. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची नावंही बदलली. पेशवा हा मुख्य प्रधान झाला. पुढे काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. बाजीरावांच्या शिक्क्यावर शेवटपर्यंत ‘मुख्य प्रधान’ असंच राहिलं आणि लोकांच्या तोंडी पेशवा. आज या गावाला कुणी मुख्य प्रधानांचं पुणं म्हणत नाही. पण त्याच यादीतले सचिव, अमात्य, सेनापती हे शब्द मात्र नीट रुजले, आणि सचिव तर मंत्रालयात बसतो. म्हणजे मोहीम फसली असंही नाही आणि जिंकली असंही नाही. शब्दागणिक निकाल वेगळा लागला. सावरकरांच्या भाषाशुद्धीचंही तेच. महापौर आणि दिनांक आपण रोज वापरतो, दूरध्वनी लेटरहेडवर राहिला आणि बोलण्यातून गेला. माधव जूलियनांचं उदाहरण तर अधिकच बोलकं. या माणसाने १९२५मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला, म्हणजे मराठीतले फारसी शब्द त्याच्याइतके कुणी निरखले नसतील, आणि १९३८मध्ये त्यानेच भाषाशुद्धीची बाजू मांडणारा ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. या नावातला दुसरा शब्द आजच्या वादात कुणी उच्चारत नाही.

याचा अर्थ दुसरा पक्ष बरोबर आहे असा नव्हे. ‘भाषा वाहती असते’ हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे, कारण त्यातून काहीच ठरत नाही. राज्यव्यवहारकोश झाला नसता तर सचिव आणि अमात्य आपोआप वाहत आले असते का? कुणीतरी बसून निवड केली म्हणून ते आले. लोक जे बोलतात ते सगळं बरोबर, हे मान्य केलं तर ‘दुकान खोललं’ आणि ‘इंजिन खोललं’ एकाच पारड्यात पडतात, आणि आपण आत्ताच पाहिलं की त्यातलं पहिलं वाक्य मराठीकडून चार क्रियापदं काढून घेतं तर दुसरं एक देऊन जातं. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने स्वतःला उदारमतवादी म्हणवून घेऊ नये. तो फक्त हिशेब करायचा कंटाळा करतो आहे.

हे भेद केवळ व्याकरणाचे नाहीत, हे पुण्याने स्वतःच्या वाड्यांवर पाहिलं आहे. १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे पडले. नंतरच्या दशकांत उरलेले पाडले गेले. आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष मात्र उतरवून, जपून आणून राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभे केले. पडणे, पाडणे, उतरवणे: एकात कुणाचा दोष नाही, दुसऱ्यात कुणाचा तरी निर्णय आहे, तिसऱ्यात पुन्हा उभं करायचा विचार आहे. साहित्यसमीक्षेतल्या मंडळींना हा तिसरा विचार अगदी परका नसावा. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांच्या ज्या संकल्पनेला (इंग्रजीत डीकन्स्ट्रक्शन) मराठीत विरचना म्हणतात, तिचं मूळ फ्रेंच क्रियापद लिट्रे या फ्रेंच कोशकाराच्या जुन्या शब्दकोशात ‘यंत्र दुसरीकडे नेण्यासाठी त्याचे भाग सुटे करणे’ अशा अर्थाने दिलेलं आहे. हे देरिदा यांनीच १९८३मध्ये एका जपानी मित्राला लिहिलेल्या पत्रात नोंदवलं आहे. म्हणजे परिसंवादांत जो शब्द भारदस्त चेहऱ्याने वावरतो, त्याची एक मुळी थेट नाना पेठेत जाते.

आणि इथे एक अप्रिय गोष्ट बोलायला हवी. खोलणेवर जितका राग निघतो त्याच्या दशांशही ‘ओपन करणे’वर निघत नाही. फाइल ओपन कर, गेट ओपन कर, डबा ओपन कर, खातं ओपन केलं, शाळा सोमवारी ओपन होणार. घरातल्या घरात उघडणेला हुसकावण्याचं काम हिंदीने केलं त्याहून कितीतरी अधिक इंग्रजीने केलं आहे. तरी तिथे विहिरीची कोटी कुणी करत नाही. का? खोलणे मेकॅनिककडून आलं, ओपन करणे शिकलेल्या तोंडांतून आलं, एवढंच कारण मला दिसतं. गंमत अशी की भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर पहिलाच पाहुणा जास्त घरचा झाला आहे. खोलतो, खोललं, खोलून, खोलायला, खोलवून घेतलं: सगळे प्रत्यय त्याने मुकाट्याने लावून घेतले. ‘ओपन’ मात्र सोबत ‘करणे’चा आधार घेतल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही.

या क्रियापदाला खरा धोका शुद्धीवाल्यांकडून नाहीच, तो वस्तूंकडून आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांना विचारा. नव्या फोनला मागे स्क्रू नसतात. काच डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेली असते, ती तापवून, पातळ पट्टी सरकवून सोडवावी लागते, आणि बॅटरीही खाली चिकटवलेली असते. ‘खोलताना काच गेली’ हे वाक्य तिथे ऐकू येतं, म्हणजे खोलणे आणि फोडणे यांच्यातलं अंतर वस्तूनेच मिटवत आणलं आहे. ग्राहकाला वस्तू दुरुस्त करून घेण्याचा हक्क असावा यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये समिती नेमली. त्या हक्काची चर्चा जवळजवळ सगळी इंग्रजीत होते. ती मराठीत करायची तर तिचा पहिला प्रश्न साध्या शब्दांत असाच विचारावा लागेल की विकत घेतलेली वस्तू खोलता येईल का.

तेव्हा कोशकारांनी खोलणेला ‘हिंदी’ असा शिक्का मारून थांबू नये, यंत्र सुटं करण्याचा अर्थ स्वतंत्रपणे द्यावा आणि शेजारी बांधणेचाही तो अर्थ द्यावा, जो मला कोशापेक्षा गॅरेजमध्ये आधी भेटला. आयटीआयच्या मराठी पुस्तकांत विलगीकरणासारखे शब्द घालण्यापेक्षा मुलं ज्या शब्दाने काम शिकतात तो छापावा. आणि शाळेत एखाद्या वहीत ‘खोलला’ दिसलं तर बाईंनी लाल रेघ ओढण्याआधी काय खोललं ते वाचावं. दरवाजा असेल तर खुशाल ओढावी. पंखा असेल, आणि मुलाने तो वडिलांबरोबर खरंच खोलला असेल, तर पुढे वाचावं. रेघ ओढायची हौस उरलीच तर त्याच पानावर दोन ओळी खाली ‘मग आम्ही बॉक्स ओपन केला’ असं हमखास सापडेल.